राजाचं नाक

आमच्या देव्हाऱ्यातल्या राजाला नाक नाही. आई म्हणते, पूर्वी होतं. ती सून म्हणून गोव्यातल्या फोंड्याच्या या घरात आली तेव्हा चांगलं धारदार नाक होतं, भुवईसुद्धा होती. मग दर लक्ष्मीपूजनाला चिंचेचा कोळ आणि चिमूटभर रांगोळी घेऊन राजाला आंघोळ घालायची, हळदकुंकू लावायचं आणि तांदळाच्या राशीवर बसवायचं, हा क्रम चालूच राहिला. तो आजीकडून आईकडे आला, म्हणजे राजाची किती दिवाळ्यांची आंघोळ झाली असेल याचा हिशोब नको. आता त्या जागी एक गुळगुळीत उंचवटा आहे. कडेची अक्षरं मात्र शाबूत आहेत, कारण नाण्याची उंच कड त्यांना सांभाळते. तेवढ्यावरून कळतं, हा लुईश पहिला, पोर्तुगालचा राजा, 1881 चा ‘उमा रुपिया’.

हा रुपया मी एकदा शेटच्या, म्हणजे सोनाराच्या, दुकानात काट्यावर ठेवला. 11 ग्रॅमला किंचित कमीच भरला. मुळात तो 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा असायला हवा. 1878 चा इंग्रज-पोर्तुगीज करार झाल्यावर इथला रुपया पलीकडच्या ब्रिटिश रुपयाच्या वजनाचा आणि तेवढ्याच चांदीचा पाडला गेला. उरलेली पाऊण ग्रॅम चांदी गेली कुठे? काही बाजारात हातोहात झिजली. बाकीची आमच्या मोरीतून ओहोळाला लागली, असं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, “लक्ष्मीच्या पायाशी मळकं नाणं ठेवायचं का मग?” यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आजही नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे भाचीच्या मुलीचं बारसं. मामाआजोबा झाल्यावर सोन्याची वळी द्यावीत तर भाव ऐकूनच घाम फुटतो. तेव्हा म्हटलं, आजीच्या डब्यातलं एखादं जुनं नाणं द्यावं. हा डबा बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकण उघडताना खुर्चीवर बसून गुडघ्यात धरावा लागतो. आत टांग, रुपये, एस्कुद, सेंताव अशी पोर्तुगीज काळातल्या नाण्यांची सगळी सरमिसळ. कोकणीत पैशांना दुडू म्हणतात, आणि आजी या डब्याला ‘मेलेले दुडू’ म्हणायची. 16 टांगांचा एक रुपया हा हिशोब तिला बोटांवर यायचा. मग पोर्तुगिजांनी जाता जाता रुपयाच काढून टाकला आणि 6 एस्कुदांना एक रुपया या दरानं नवीन नाणी आणली. त्यांतल्या पहिल्या नाण्यांवर साल 1958 आहे. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि तीही मेली. बदलून घ्यायची राहिली ती डब्यात उरली.

डब्यात मला 1912 चा एक चांदीचा रुपया मिळाला. यावर राजा नाही, कारण 1910 मध्ये लिस्बनला राजेशाही संपली होती. पण रुपया काळा. काळा म्हणजे चुलीवरच्या तव्यासारखा नव्हे. मधोमध राखाडी, कडेला निळसर आणि तिरपा धरला तर जांभळी झाक मारणारा. मला तो फार आवडला. आईनं हातात घेतला, उलटा केला आणि कोकणीत विचारलं, “कितें रे हें, काळो रुपयो?” पाळण्यात काळं नाणं ठेवायचं म्हणजे तिच्या मते जवळजवळ अपशकुनच. ती लगेच परसात निघाली, बिंबलं काढायला.

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, बिंबल म्हणजे खोडालाच घोसांनी लगडणारं हिरवं, लांबट, भयंकर आंबट फळ. आमटीत पडतं, सुक्या बांगड्यात पडतं, आणि पितळेच्या समईवर घासलं की समई सोन्यासारखी निघते. त्यातल्या ऑक्झॅलिक आम्लाची ती करामत. मी आईला दारातच अडवलं, कारण बिंबलाशी माझं जुनं भांडण आहे.

काही वर्षांपूर्वी याच डब्यातली 1901 ची पाव टांग मी स्वतःच्या हातानं बिंबलानं घासली होती. कांस्याचं नाणं, चहाच्या किटलीच्या बुडासारखा गडद तपकिरी रंग, वर कार्लोस राजा. मला वाटलं, हा मळ. दोन मिनिटांत मळ गेला आणि खालून निघाला तो ओल्या हिरडीसारखा गुलाबी रंग. राजाला सोलल्यासारखं दिसत होतं. शेजारचे काका बँकेतून निवृत्त झालेले आणि पंचवीस-तीस वर्षं नाणी जमवणारे. त्यांना ते मी कौतुकानं दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा लावला, नाणं पाहिलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “चहा घेणार?” घरी कोणी गेलं की लोक ज्या आवाजात बोलतात, तो आवाज.

चहा पिताना त्यांनी मला शिकवणी दिली. तांब्यावर चढलेला तपकिरी थर हा बाहेरून बसलेला मळ नसतो. तांब्यानं हवेतला प्राणवायू घेऊन स्वतःच अंगावर घातलेलं ते कातडं असतं, आणि तेच खालच्या धातूला सांभाळतं. चांदीचा काळेपणा गंधकाचा. हवेतलं गंधक चांदीला चिकटतं आणि तिचं सल्फाइड होतं, म्हणजे त्या काळ्या थरातही चांदीच असते. काळं पुसलं की चांदी पुसली. नाणं टांकसाळीत दाबलं जातं तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर केसाहून बारीक रेघा उमटतात. नव्या नाण्याचं तेज त्या रेघांवर खेळणाऱ्या उजेडाचं. रांगोळीनं, टूथपेस्टनं, बोटभर सोड्यानं घासलं की त्या रेघा जातात आणि ओरखड्यांची चकाकी येते. अनाड्याला दोन्ही सारखंच दिसतं. जाणत्याला ते रंगवलेल्या केसांसारखं लांबून कळतं. परदेशात नाणी तपासून प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून देणाऱ्या कंपन्या आहेत. त्या नाण्याला 1 ते 70 मध्ये आकडा देतात. घासलेल्या नाण्याला आकडा नाही, नुसता ‘साफ केलेलं’ असा शेरा. परीक्षेत कॉपी करताना पकडल्यासारखं.

मग पुसायचंच नाही का कधी? काका इतके सोवळे नाहीत. गोव्यात चार महिने पाऊस, चपलांना बुरशी, मिठाला पाणी सुटतं आणि समुद्राचा खारा वारा. कांस्याच्या नाण्यावर कधीकधी फिक्या हिरव्या रंगाची भुकटी दिसू लागते, नखानं खरवडली तर सुटते आणि खाली खड्डा असतो. तो क्षारांनी लागलेला रोग आहे, त्याला तसंच ठेवलं तर नाणं पोखरून जातं. गच्च बसलेला, गुळगुळीत हिरवा थर वेगळा, तो राहू द्यावा. मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त अल्बमात नाणी ठेवली की वर चिकट हिरवट लेप येतो, तो प्लॅस्टिकचाच दोष, आणि तो ॲसिटोननं जातो, धातूला न दुखवता. साधी माती असेल तर शुद्ध पाण्यात बुडवून ठेवायचं, जमलं तर दोनचार दिवस, आणि मग न चोळता टिपून घ्यायचं. “पुसायचं नाही, टिपायचं,” हे काकांनी तीनदा सांगितलं. ॲल्युमिनियमच्या फॉइलवर खाण्याचा सोडा आणि कढत पाणी, ही युक्ती मी वाचली होती. त्यात गंधक ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी जागच्या जागी परत मिळते, म्हणून ताटवाट्यांना ती उत्तम. नाण्यावर मात्र नंतर एक मेलेला पांढुरकेपणा उरतो.

सोन्याला यातलं काहीच नको. गोव्याच्या कदंब राजांच्या सोन्याच्या नाण्यांवर सिंह आहे आणि ‘श्रीसप्तकोटीश्वर लब्धवरप्रसाद’ अशी अक्षरं. जमिनीतून आठशे वर्षांनी निघालं तरी माती झटकली की सोनं हसतं. पण सोन्याची वेगळीच दशा बायकांनी केलीय. पुतळ्यांच्या माळेतल्या पुतळ्या म्हणजे मुळात व्हेनिसची नाणी आणि पुढे त्यांच्या नकला, प्रत्येकीला कडी जोडलेली. संग्राहक कडी बघून कपाळाला हात लावतो. आमची आजी ती माळ घालून पंगतीत बसायची तेव्हा कपाळाला कुणी हात लावल्याचं मला आठवत नाही.

आणि एक उलटा धंदाही आहे. हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात किंवा म्हापशाला शुक्रवारी पथारीवर बसलेला माणूस कालचं नाणं काळं करून विकतो. ईस्ट इंडिया कंपनीचं 1818 चं, मागे हनुमान किंवा रामपंचायतन, म्हणून जे दाखवतात ते असलंच. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नव्हतं. म्हणजे खरं जुनं नाणं घरात घासून नवं होतं आणि बाजारात नवं नाणं माखून जुनं होतं.

तर बारशाचा रुपया. आईला मी सगळं सांगितलं, गंधक, रेघा, सत्तरपैकी आकडा. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पोर ते विकणार आहे का?” नाही. “मग तुझ्या त्या आकड्याचं तिला काय?” हा प्रश्न मी काकांनाही विचारला. ते म्हणाले, “देणाऱ्याचं नाणं, देणाऱ्याची मर्जी. पण काळं असताना दिलं तर पुढे ती पुसू शकेल. पुसून दिलं तर काळं करू शकणार नाही.” मला हे पटलं. आईला अर्धंच पटलं.

शेवटी तडजोड झाली. फिल्टरच्या पाण्यात दोन थेंब भांड्यांचा साबण, त्यात रुपया बुडवून हलवला, साध्या पाण्यात धुतला, जुन्या मऊ पंचानं टिपला. वरची धूळ आणि आजीच्या हाताचं तेल गेलं. निळसर-जांभळी झाक तशीच राहिली, उलट जास्त उठून दिसली. लहानशा चांदीच्या वाटीत, खाली लाल मखमल. आईनं वाटी मात्र बिंबलानं घासून लख्ख केली होती, त्यामुळे रुपया जास्तच काळा दिसत होता. बारशाला भाचीच्या सासूबाईंनी तो उचलला, पदरानं खसाखसा पुसला, मी डोळे मिटले, आणि वर कुंकवाचं बोट टेकवलं. कुंकू अक्षरांच्या खाचांत बसलं. ते काढायचा कुठला शुद्ध उपाय काकांकडे असेल, मी विचारलेला नाही.

ती पाव टांग मी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून दिली आहे. गुलाबी नाण्याला पुन्हा रंग चढतो, फक्त वेळ लागतो, असं काका म्हणाले होते. तीन पावसाळे झाले. आधी नारिंगी झाली, मग विटकरी, आता पातळ चहासारखी. रोज सकाळी भाजीची पिशवी घ्यायला गेलो की मी एकदा बघतो. परवा आई तिथं फडकं मारत होती. नाणं उचलून उजेडात धरलं आणि हाक मारली, “अरे, हे मळलंय बघ परत. बिंबलं आलीत झाडाला, काढून आणू?”