सेहेचाळिसाव्या वर्षी हाउसमन

सुनेने ‘डॉक्टर चा’ लावून दिली आणि म्हणाली, “आई, हॉस्पिटलचं आहे, तुम्हाला चुका काढता येतील.” कोरियन मालिका, २०२३ ची, सोळा भाग, नेटफ्लिक्सवर आहे. चुका मी काढल्याच, पण मालिका सोडवली नाही. शेवटचे तीन भाग तर एका दमात बघितले आणि कुकर तीन शिट्ट्यांऐवजी सात शिट्ट्यांवर गेला.

गोष्ट अशी. चा जंग-सुक ही डॉक्टरकी शिकलेली, पण लग्न आणि पोरांपायी पुढचं प्रशिक्षण सोडलेली बाई. वीस वर्षं घर सांभाळते. नवरा सो इन-हो मोठ्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलात सर्जन, वर डिपार्टमेंटचा प्रमुख. बाईचं लिव्हर अचानक निकामी होतं. नवऱ्याचं लिव्हर जुळत असतं, पण सासू आडवी येते आणि नवराही पाय मागे घेतो. नशिबाने दुसरा दाता मिळतो. बरी झाल्यावर ती आधी नवऱ्याच्या कार्डावर दणकून खरेदी करते आणि मग त्याच्याच हॉस्पिटलात, फॅमिली मेडिसिनला, पहिल्या वर्षाची रेसिडेंट, म्हणजे शिकता शिकता काम करणारी डॉक्टर, म्हणून रुजू होते. वय ४६. त्याच इमारतीत मुलगा सर्जरीला रेसिडेंट. नवऱ्याचं जिच्याशी बाहेर चालू आहे ती बाईही तिथेच, फॅमिली मेडिसिनची प्रोफेसर. आणि हे नवरा-बायको आहेत हे हॉस्पिटलात कुणाला कळू द्यायचं नाही, असा नवऱ्याचा हुकूम. विनोद सगळा या लपवाछपवीवर उभा आहे. इन-हो झालेला किम ब्युंग-चुल तर असा फजीत होतो की त्या माणसाचा राग यायला पाहिजे तिथे हसूच येतं.

आता माझं म्हणणं. सगळी नोकरी वॉर्डात काढली, मेडिसिन वॉर्डाची सिस्टर इनचार्ज म्हणून निवृत्त झाले. सोळा भाग बघितले आणि एकाही सिस्टरचं नाव माझ्या लक्षात राहिलं नाही. ट्रॉली घेऊन मागे उभ्या असतात. डॉक्टर बोलतात, प्रेमात पडतात, भांडतात, आणि सिस्टर मॉनिटरकडे बघतात. अहो, सेहेचाळीस वर्षांची नवी हाउसमन (आपल्याकडे नव्या रेसिडेंटला असंच म्हणतात) वॉर्डात आली तर पहिला महिना तिला कोण तारणार? प्रोफेसर? त्यांना तिचं नाव पाठ व्हायला दिवाळी उजाडते. तारणार नर्सिंग स्टेशन.

नवीन बॅच येते तेव्हा एमबीबीएसला सुवर्णपदक मिळवलेल्या पोरांनाही कोणत्या टेस्टचं रक्त कोणत्या बल्बमध्ये, म्हणजे नळीत, जातं हे माहीत नसतं. गोळ्यांचे डोस तोंडपाठ, पण रक्तपेढीचा फॉर्म कुणाच्या सहीने जातो, रात्री एक्स-रेवाल्या मामांना कुठे गाठायचं, यातलं काही नाही. एकदा एका हुशार पोरीने केसीएलची, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडची, ऑर्डर लिहिली आणि पुढे ‘आयव्ही’, शिरेतून, एवढंच. सलाईनमधून सावकाश की थेट शिरेत, काही नाही. थेट शिरेत ढकललं तर पेशंटचं हृदय बंद पडतं. मी केस पेपर तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, “डॉक्टर, हे कशातून आणि किती वेळात द्यायचं तेवढं लिहून द्या.” तिने वाचलं, चेहरा पांढरा पडला, लिहून दिलं. कुणाला काही कळलं नाही, कळायची गरजही नव्हती. अशा दहा प्रसंगांतून डॉक्टर घडतो. पटकथा लिहिणारीला एक आठवडा नर्सिंग स्टेशनवर बसवलं असतं तर तिला विनोदाचा तोटा पडला नसता.

उशिरा सुरुवात केलेले हाउसमन मी प्रत्यक्ष पाहिलेत, म्हणून एवढं बोलते. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात काही वर्षं मेडिकल ऑफिसर म्हणून काढली की सेवांतर्गत पीजीला, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाला, येता येतं. असे एक गृहस्थ आमच्या वॉर्डात होते. चाळिशीच्या आसपासचे, कानाजवळ पांढरे केस. गावात ते ‘साहेब’. सरपंच दारात उभा राहायचा. इथे आल्यावर सॅम्पल घेऊन लॅबला पळायचं आणि रजिस्ट्रारची, म्हणजे वरच्या वर्षाच्या रेसिडेंटची, बोलणी खायची. रजिस्ट्रार त्यांच्यापेक्षा निदान दहा वर्षांनी लहान. बरोबरची पोरं त्यांना ‘सर’ म्हणायची आणि वरची पोरं नुसत्या आडनावाने हाक मारायची. वॉर्डात वय रुजू झाल्याच्या तारखेवरून मोजतात.

पावसाळ्यातली एक रात्र आठवते. पहाटे पहाटे वस्तीवरून एक बाई आणली. पोटात दुखतंय, उलटी झाली, एवढीच तक्रार. अंगावर कुठे जखम नाही, खूण नाही. रजिस्ट्रारने पोटाचा एक्स-रे आणि सर्जरीचा रेफरन्स लिहिला आणि तो दुसऱ्या पेशंटकडे वळला. आमचे हे ‘सर’ बाईच्या सासूला विचारतात, “झोपली कुठं होती?”

“खालीच की. वाकळ टाकून.”

त्यांनी बाईला वर बघायला सांगितलं. पापण्या उचलेनात. मान जरा उचला म्हटलं, तीही जमेना. माझ्याकडे वळून म्हणाले, “सिस्टर, एएसव्ही किती आहेत? मण्यार वाटतेय.” मण्यार रात्री झोपेत चावते, बऱ्याचदा दुखत नाही की सुजत नाही, खूणही सापडत नाही. पोटदुखी होते आणि मग हळूहळू श्वासाचे स्नायू थंड पडतात. एएसव्ही म्हणजे सापाच्या विषावरचं औषध. कपाटात त्याच्या दहा व्हायल होत्या, त्या काढल्या, वॉर्डातल्या मामांना स्टोअरला पिटाळलं, हाताने दाबून श्वास द्यायची अँबू बॅग उशाशी आणून ठेवली. ती तासाभरात लागलीच. बाई पुढे काही दिवस व्हेंटिलेटरवर होती, पण स्वतःच्या पायाने घरी गेली.

मालिका असती तर इथे संगीत वाजलं असतं. आमच्याकडे सकाळी राउंडला रजिस्ट्रारने विचारलं, “फास्टिंगची सॅम्पल का गेली नाहीत?” आणि हे म्हणाले, “सॉरी सर, राहिली.”

त्यांना ते जड जायचं. जेवणाच्या सुट्टीत एकटे बसायचे. जंग-सुक मात्र बोलणी खाऊनही टवटवीत. तिच्यावर ओरडणारी सो-रा सर्जरीची तिसऱ्या वर्षाची रेसिडेंट, वर तिच्या मुलाची मैत्रीण! तरी बाई हसून कामाला लागते. सून म्हणाली, हे काही खरं वाटत नाही. मला वाटलं. साहेबाला हाउसमन व्हायला चार पायऱ्या खाली उतरावं लागतं. जंग-सुकने वीस वर्षं सासूची बोलणी फुकट खाल्लेली, इथे निदान महिन्याच्या महिन्याला पगार होता. उम जंग-ह्वाने हे फार छान केलंय. ती मूळची गाणारी, तिकडची मोठी स्टार, २०१० मध्ये थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. आजारातून उठलेल्या बाईचा अंगातला अशक्तपणा आणि डोळ्यातली घाई तिच्याकडे आहे, ती शिकवून येत नाही.

एक गोष्ट मात्र खटकली आणि ती तिकडच्या लोकांनाही खटकली. सातव्या भागात क्रोन्स हा आतड्याचा आजार झालेल्या पेशंटला त्याचे सासू-सासरे टाकून बोलतात, आनुवंशिक घाण रोग लपवून लग्न केलंस म्हणून. कोरियातल्या पेशंटांनी तक्रारींचा पाऊस पाडला आणि निर्मात्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. बरं झालं. वॉर्डात नातेवाईक असं बोलतात, मी ऐकलंय. पण पडद्यावर बाजूला पांढऱ्या कोटातला माणूस उभा असताना त्याने तिथल्या तिथे गैरसमज खोडायला नको?

आणि सिस्टरांचं म्हणाल तर काळाने त्या मालिकेवर छान सूड उगवला. २०२४ च्या फेब्रुवारीत तिकडच्या सरकारने मेडिकलच्या जागा एकदम दोन हजारांनी वाढवायचं ठरवलं, त्यावरून कोरियातले हजारो रेसिडेंट राजीनामे देऊन वॉर्डाबाहेर पडले. ऑपरेशनं पुढे ढकलली गेली. रेसिडेंटची कितीतरी कामं नर्सेसनी केली. त्या आधीपासूनच करत होत्या, पण कायद्याच्या आडोशाशिवाय. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्या संसदेने नर्सिंगचा कायदा मंजूर करून या कामाला कायदेशीर आधार दिला. ट्रॉलीमागच्या बायका कॅमेऱ्यात आल्या एकदाच्या.

आपल्याकडे आता म्हातारपणीही डॉक्टर होता येतं. नीटला खुल्या गटाला २५ आणि राखीवला ३० अशी कमाल वयाची अट होती, ती २०२२ मध्ये काढली. त्याआधीच, प्रकरण कोर्टात असताना, ओडिशात स्टेट बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी ६४ व्या वर्षी नीट पास होऊन एमबीबीएसला प्रवेश घेतला होता. पेपरात फोटो आला होता, गंभीर चेहऱ्याचा.

मला तेव्हा आठवली ती आमच्या वॉर्डातली एक मावशी. बेडपॅन देता देता तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली, मग तसाच फॉर्म भरून बारावी. इंग्रजीचं पुस्तक लिननच्या कपाटात चादरींखाली ठेवायची. हात असा हलका की लहान पोरांना सुई लावताना आम्ही धरायला तिलाच बोलवायचो. जीएनएमचा, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचा, फॉर्म आणायला मीच पाठवलं. तेव्हा प्रवेशाला कमाल वय ३५ होतं आणि ती सदतीस पार केलेली. खिडकीवरच्या क्लार्कने फॉर्म विकतसुद्धा दिला नाही. परत आली, “वाचले पैसे,” म्हणाली, आणि सात नंबरच्या आजोबांना कुशीवर वळवायला गेली.

मालिका काढायची तर मी तिच्यावर काढेन. प्रोफेसर, रजिस्ट्रार सगळे मागे ट्रॉलीपाशी उभे करीन. सून म्हणते, “आई, लिहा ना मग.” तिला काय, तिला सोळा भाग बघून होतात.