सहल एवढी अडली होती का?

रविवार, ११ जुलै २०२१

आज दिवसभर डोकं तापलेलं आहे. सकाळपासून त्र्यंबक रोडवर गाड्यांची रीघ लागली होती. पाऊस पडला, ब्रह्मगिरी हिरवा झाला, की निघाले सगळे पहिनेच्या धबधब्यांवर भिजायला.

२१ एप्रिलला याच नाशिकमध्ये महापालिकेच्या कोरोना रुग्णालयात ऑक्सिजनची गळती झाली आणि एका दिवसात २२ माणसं गेली. तीन महिनेही झाले नाहीत अजून. तेव्हा बेडसाठी, रेमडेसिव्हिरसाठी गावभर फोन फिरवणारेच आज स्टेटसला धबधबे टाकताहेत. मार्चअखेर बाजारात गर्दी होऊ नये म्हणून तासाभराला पाच रुपयांची पावती फाडायची वेळ आपल्यावर आली होती. ती का आली, हे इतक्यात कसं विसरतात लोक?

ताईच्या मुलाने फोटो पाठवला. एका गाडीत सहाजण, पावसामुळे काचा वर, एकाचा मास्क हनुवटीवर, बाकीच्यांचे तर दिसतच नाहीत. मी फोन केला तर म्हणे, "मावशी, मोकळ्या हवेत काय होतंय?" अरे, मोकळी हवा धबधब्यापाशी. जाता-येता बंद गाडीत एकमेकांचाच श्वास घेताय, टपरीवर खेटून मॅगी खाताय, त्याचं काय? लक्षणं दिसायच्या दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. आज ठणठणीत वाटतंय याला काही अर्थ नाही. घरी त्याची आजी आहे, दम्याची. तिने काय करायचं?

आणि पहिनेच्या पाड्यावरच्या बायांनी? रस्त्याच्या कडेला शेगडीवर कणसं भाजणारी बाई शंभर अनोळखी लोकांच्या तोंडासमोर उभी असते. गिऱ्हाईक नको म्हणणं तिला परवडत नाही, हे मलाही कळतं. पण ती आजारी पडली तर त्र्यंबक नाहीतर नाशिक गाठायचं, तेही गाडी मिळाली तर. आजार शहरातून जायचा आणि सोसायचं पाड्याने.

प्रवास करणाऱ्या प्रत्येकावर माझा राग नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात मुंबई-आग्रा हायवेवरून पोरं खांद्यावर घेऊन चालत निघालेल्या मजुरांना दुसरा मार्गच नव्हता. कुणाला डायलिसिसला जायचं असतं, कुणाला मयताला. त्यांना कोण अडवेल? पण सहल?

ज्या त्र्यंबकहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला पायी जाते, तिथूनच सलग दुसऱ्या वर्षी ती एसटीने जाणार आहे. मानाच्या दहा पालख्या, प्रत्येकीला दोन बस, मोजके वारकरी. ज्यांची वारी वर्षानुवर्षं चुकली नव्हती, ते आषाढी तोंडावर आलेली असताना घरी बसलेत. आमच्या शेजारचे आजोबा अंगणातच टाळ घेऊन हरिपाठ म्हणतात. त्यांना विचारावं, न जाणं किती जड जातं ते. त्यांनी पंढरपूर सोडलं, आणि या पोरांना एक रविवार सोडवत नाही.

ताईला स्पष्ट सांगितलं, तो आला की वेगळ्या खोलीत राहू दे, आजीचं ताट त्याच्या हाती देऊ नकोस. ताई म्हणाली, "तू फार करतेस." करते. एप्रिलमध्ये अमरधाम स्मशानभूमीबाहेर ताटकळलेल्या लोकांत आमच्याही घरची माणसं होती.