मेंढीच्या यकृतातली गाठ नेमकी कोणत्या कृमीची?

मेंढीच्या यकृतावर हरभऱ्याएवढी पांढरट, कडक गाठ दिसली, की कत्तलखान्याच्या नोंदवहीत बहुधा ‘हायडॅटिड’ (एकायनोकॉकस या पट्टकृमीच्या अळीची गाठ) असा शेरा पडतो. परजीवीशास्त्राच्या प्रयोगशाळेत असे नमुने हाताळल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की लहान किंवा चुना धरलेल्या गाठीवर हा शेरा डीएनए तपासल्याशिवाय मारू नये.

पूर्ण वाढलेल्या गाठींना प्रयोगशाळेची फारशी गरज नसते. टीनिया हायडॅटिजेना या पट्टकृमीची अळी आतड्यांवरच्या चरबीच्या झालरीला पातळ, पारदर्शक पिशवीच्या रूपात लोंबकळते आणि आतल्या निवळ पाण्यात लांब मानेवरचे तिचे एकच पांढरे डोके दिसते. टीनिया मल्टिसेप्सची पिशवी मेंदूत वाढते, त्यामुळे मेंढी एकाच बाजूला गोल गोल फिरू लागते. या पिशवीच्या भिंतीवर डोक्यांचे पुंजके असतात. एकायनोकॉकस ग्रॅन्युलोससची, म्हणजे खऱ्या हायडॅटिडची, भिंत जाड व थरांची असते, कापताच तिच्या कडा गुंडाळल्या जातात आणि पाण्याच्या तळाशी वाळूसारखे बारीक कण बसलेले दिसतात.

पंचाईत होते ती या अवस्थेच्या अलीकडे आणि पलीकडे. हायडॅटिजेनाची अळी झालरीकडे जाण्यापूर्वी यकृत पोखरत जाते. काही अळ्या तिथेच अडकून मरतात आणि त्यांच्याभोवती चुना साचतो. हायडॅटिडच्या गाठीही पुष्कळदा वांझ निघतात, म्हणजे त्यांत हुकांसारखे आकडे असलेली अळीची डोकीच नसतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचे तरी काय? हा फरक निव्वळ अभ्यासकांपुरता नाही. कुत्र्याच्या विष्ठेतून येणारी एकायनोकॉकसची अंडी माणसाच्या पोटात गेली, तर यकृतात किंवा फुप्फुसात वर्षानुवर्षे गाठ वाढत राहते. हायडॅटिजेनाचा माणसाला तसा उपद्रव नाही. (मटण खाल्ल्याने हायडॅटिड होतो, हा समज मात्र चुकीचा आहे.)

अशा वेळी गाठीच्या भिंतीचा आतला थर खरवडून त्यातील मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकाचा) डीएनए वाचतात. एका पेशीत त्याच्या अनेक प्रती असल्यामुळे जेमतेम ऊतक हाती आले तरी काम भागते. बोल्स, ब्लेअर आणि मॅकमॅनस यांनी १९९२ मध्ये कॉक्स-१ या मायटोकॉन्ड्रियातील जनुकाच्या एका तुकड्यावरून एकायनोकॉकसचे प्रकार वेगळे केले. त्यांच्या जेबी३ व जेबी४.५ या प्रायमरांनी (हवा तो तुकडा हेरणाऱ्या डीएनएच्या आखूड धाग्यांनी) टीनियाचाही तोच तुकडा वाढवता येतो, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढता येतात, त्यामुळे या प्रती काढणाऱ्या पीसीआर चाचणीची पट्टी दिसल्यावर थांबून चालत नाही. डीएनएचा क्रम वाचून जीनबँक या डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक संग्रहातील नोंदींशी ताडूनच निर्णय द्यावा लागतो. चुना धरलेल्या गाठीत पीसीआर कधी कधी साफ फसतो, आणि नमुना फॉर्मॅलिनमध्ये बुडवून पाठवला असेल तर डीएनए तुटलेला असतो. साधे ७० टक्के अल्कोहोल वापरा, हे कितीदा सांगावे!

कृमी एकायनोकॉकस ठरला, तरी त्याचा जनुकीय प्रकार (जी१, जी३ अशी त्यांची नावे) ठरवायचा उरतोच. जगभर मेंढ्यांशी जोडला गेलेला प्रकार जी१ असला, तरी भारतातील जनावरांत जी३ वारंवार आढळला आहे, आणि मुळात म्हशींवरून ओळखला गेलेला हा प्रकार मेंढ्यांतही सापडतो. हे दोन्ही आता एकाच प्रजातीत गणले जातात. कॉक्स-१चा आखूड तुकडा त्यांना खात्रीने वेगळे करत नाही; त्यासाठी नॅड-५ जनुकाचा तुकडा अधिक भरवशाचा ठरला आहे. त्यामुळे केवळ कॉक्स-१वर बेतलेल्या जुन्या अहवालांतील जी१ आणि जी३चे आकडे मी जपूनच वापरतो.