रिपोर्टमधलं १.७

किडनी द्यायला आलेल्या माणसाचं क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.७ आलं, की आमच्याकडे बहुतेकदा त्याची फाईल तिथेच बंद होते. त्या सकाळी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर असाच एक रिपोर्ट घेऊन आली. वडील डायलिसिसवर, डोनर २६ वर्षांचा मुलगा आणि ई-जीएफआर (किडनी मिनिटाला किती गाळते याचा सूत्राने काढलेला अंदाज) ५६, म्हणजे साठच्याही खाली. "मॅडम, घरच्यांना आजच नाही म्हणून सांगायचं का?"

म्हटलं, आधी मुलाला बघू तर दे.

तो आत आला तेव्हा शर्टाच्या बाह्या दंडांवर ताणल्या होत्या. मागोमाग वडील आले, हातावर फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिससाठी जोडून घेतलेली, फुगलेली शीर. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "डॉक्टर, माझं दुखणं याच्याही मागे लागलं का हो?" त्यांच्या किडन्या मधुमेहाने गेल्या होत्या. मुलाची साखर नॉर्मल, बीपी नॉर्मल, लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन नाही, सोनोग्राफीत दोन्ही किडन्या व्यवस्थित. त्या एका आकड्याशी बाकीचं काहीच जुळत नव्हतं.

"जिमला जातोस?"

"हो."

"आणि घेतोस काय काय?"

त्याने वडिलांकडे पाहिलं आणि गप्प बसला. मी वडिलांना बीपी मोजायला सिस्टरकडे पाठवलं. दार लागताच त्याने मोबाईलवर डब्याचा फोटो दाखवला. क्रिएटिन मोनोहायड्रेट, ताकद वाढवायला घेतात ती पावडर. ट्रेनरने 'लोडिंग' म्हणून, म्हणजे साठा लवकर भरायला, दिवसाला चार स्कूप सांगितले होते, म्हणजे २० ग्रॅम. लोडिंग करायचंच तर ते पाच ते सात दिवसांचं असतं, पुढे ३ ते ५ ग्रॅम पुरतात. सुरुवातीपासून तेवढेच घेतले तरी महिनाभरात स्नायूंतला साठा तितकाच भरतो. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो महिनोन् महिने लोडिंगच करत होता.

क्रिएटिन आपलं शरीर स्वतःही बनवतं, थोडं मांसाहारातून मिळतं. ७० किलोच्या माणसात साधारण १२० ग्रॅम असतं, त्यातलं ९५ टक्के स्नायूंमध्ये. त्यातलं दोनेक टक्के रोज आपोआप क्रिएटिनिन बनून लघवीवाटे जातं. साठा वाढवला की क्रिएटिनिनही वाढतं. ई-जीएफआरचं सूत्र मात्र माणसाचे स्नायू आणि खाणं सर्वसाधारण आहे असं धरून चालतं, त्यामुळे सगळा दोष किडनीवर येतो. मी त्याला म्हटलं, गाळणी तेवढीच आहे, तू वरून जास्त ओततोयस. त्यात तपासणीच्या आदल्या संध्याकाळी पठ्ठ्याने लेग वर्कआउट केला होता. जोरदार व्यायामानेही हा आकडा वर सरकतो.

पण हा झाला अंदाज, आणि अंदाजावर कुणाची किडनी काढत नाहीत. लॅबला सांगून सकाळच्याच रक्तावर सिस्टॅटिन सी लावलं, म्हणजे किडनीच गाळते अशा दुसऱ्या एका प्रथिनाची तपासणी. ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं. थायरॉइडने किंवा स्टिरॉइडच्या औषधांनी तेही बदलतं, पण त्याला यातलं काही नव्हतं. संध्याकाळी रिपोर्ट आला: ०.८५. त्यावरून जीएफआर ११० च्या आसपास.

दोघांना पुन्हा बोलावलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही म्हटल्यावर पोराने स्वतःच वडिलांना सांगून टाकलं. वडील भडकले. "म्हणजे विषच खात होता की हा!"

विष नव्हे, हे मला ठामपणे सांगावं लागलं. जिममधल्या निम्म्या डब्यांबद्दल माझं मत छापण्यासारखं नाही, पण क्रिएटिनचा उपयोग खरोखर सिद्ध झालाय. १९९२ मध्ये रॉजर हॅरिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ते तोंडाने घेतल्यावर स्नायूंतला साठा वाढतो. जड वजन उचलताना किंवा स्प्रिंटच्या पहिल्या काही सेकंदांत एटीपी, म्हणजे पेशींचं इंधन, झपाट्याने पुन्हा तयार करायला हाच साठा लागतो. त्यामुळे एका सेटमध्ये वजन एखाददुसऱ्या वेळी जास्त उचललं जातं. मॅरेथॉन धावणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही. सुरुवातीला वजन किलो-दीड किलो वाढतं, ते मुख्यतः पाण्याचं. निरोगी माणसाने योग्य मात्रेत घेतलं तर किडनी बिघडते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. भीती पसरली त्याला १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेली एक केसही कारण झाली, पण त्या २५ वर्षांच्या तरुणाला किडनीचा आजार आधीपासूनच होता.

माझा खरा ओरडा त्याने खाल्ला तो वेगळ्याच गोष्टीवर. अंग दुखलं की तो मनानेच इबुप्रोफेन घ्यायचा. किडनीच्या दृष्टीने मला त्या डब्यापेक्षा या गोळ्यांची धास्ती जास्त.

पावडर बंद केल्यावर काही आठवड्यांनी क्रिएटिनिन १.१ आलं. किडनीचं काम मोजणारा डीटीपीए स्कॅनही चांगला निघाला आणि फाईल पुढे सरकली.

शेवटच्या भेटीत त्याने विचारलं, "मॅडम, ऑपरेशननंतर परत चालू केलं तर?" मी नको म्हटलं. एकच किडनी असलेल्या एका तरुणाला ३५ दिवस क्रिएटिन देऊन, जीएफआर प्रत्यक्ष मोजून पाहिल्याची नोंद २०१० मध्ये छापून आली आहे. त्याला काही झालं नव्हतं. पण तो एकच माणूस आणि महिनाभराचा काळ. शिवाय किडनी दिल्यावर याचं क्रिएटिनिन आम्ही आयुष्यभर बघत राहणार. ते वाढलं तर पावडरीने की किडनीने, हे दर वेळी शोधत बसायची माझी तयारी नव्हती.

"मग प्रोटीन?" त्याने विचारलं. वडिलांनी कपाळावर हात मारला. मी त्याला डाएटिशियनकडे पाठवलं.