फ्लरिश म्हणजे नुसती भरभराट नव्हे

‘फ्लरिश’ (flourish) या इंग्रजी शब्दाबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. शिकवणीला येणारी पोरं आणि हल्ली त्यांचे पालकही एकच कोडं घालतात: डिक्शनरीत ‘फ्लरिश’ म्हणजे भरभराट होणे, मग धड्यातला सरदार तलवार ‘फ्लरिश’ करतो म्हणजे काय? तलवारीची भरभराट? एकानं पेपरात तसं लिहिलंही होतं. हसवल्याबद्दल अर्धा मार्क दिला.

शब्दाचं मूळ फुलात आहे. लॅटिनमध्ये फुलाला ‘फ्लोस’ आणि बहरण्याला ‘फ्लोरेरे’ म्हणत. जुन्या फ्रेंचमधून तो १३०० च्या आसपास इंग्रजीत आला. मंडईतला फ्लॉवर त्याच घराण्यातला. इतकंच काय, पिठाला इंग्रजीत जो शब्द आहे (flour) तोही मुळात फूलच (flower). दळणातला सगळ्यात उंची भाग म्हणजे गव्हाचं फूल! जॉन्सननं १७५५ साली डिक्शनरी काढली तेव्हा फूल आणि पीठ या दोघांचं स्पेलिंगही वेगळं धरलेलं नव्हतं.

आता तलवार. जे बहरतं ते नजरेत भरतं, म्हणून चौदाव्या शतकातच या शब्दाला नक्षीचा, मिरवण्याचा अर्थ चिकटला. शिवजयंतीला पेठेतले मर्दानी खेळ बघितलेत ना? वार नंतर, आधी पट्टा असा गरगर फिरतो की समोर जायची कुणाची छाती होत नाही. ते फिरवणं म्हणजे फ्लरिश. सहीखाली उगाच मारलेला झोकदार फराटा, तोही फ्लरिश. शेक्सपियरच्या नाटकांत राजा येताना कंसात नुसतं ‘फ्लरिश’ असतं, म्हणजे तुताऱ्या वाजवा. माझं मत विचाराल तर हा शब्द कळायला कोल्हापूरकराला डिक्शनरी लागूच नये. भरभराट झाली आणि गल्लीला दिसली नाही, तर ती आपण धरतो का?

इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांत तर याच मुळातलं ‘फ्लोरुइट’ भेटतं. जन्ममृत्यूच्या तारखा सापडत नसल्या की नावापुढे तेवढं लिहून साल टाकतात: हा माणूस या काळात बहरात होता.

दुसरा प्रश्न ठरलेला: मग भरभराटीसाठीच वापरतात तो ‘थ्राइव्ह’ (thrive) आणि हा एकच का? नाही. थ्राइव्ह आला उत्तरेकडून, स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतून. मुळात अर्थ धरणं, आपल्याकडे ओढून घेणं. काटकसरीचा ‘थ्रिफ्ट’ त्याचाच भाऊ. त्याचाही आधीचा अर्थ बरकत असाच होता, बचत नंतर आली. त्यामुळे थ्राइव्हमध्ये चिकाटी आहे, झोक नाही.

निबंधात शाहू महाराजांच्या आश्रयानं कोल्हापुरात कुस्ती आणि गाणं कसं वाढलं हे लिहायचं असेल, तर बिनधास्त फ्लरिश वापरा. कोरड्या बांधावर कुणी पाणी न घालता वाढलेल्या बाभळीला थ्राइव्ह द्या.