निवासी शाळेतील शिक्षकाचे एम.ए.
राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे विविध समाजांच्या वसतिगृहांमुळे ओळखल्या गेलेल्या कोल्हापुरात, निवासी शाळेत शिकवताना जाणवते, की रात्री मुलांना सांभाळण्याचे शिक्षण आम्हांला मिळालेलेच नाही. बी.एड.मध्ये पाठनियोजन शिकवतात. घरच्या आठवणीने रडणाऱ्या पाचवीतल्या मुलाशी काय बोलावे, हे नाही. म्हणून नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून शिक्षणशास्त्रात एम.ए. करतो आहे. अडचण वेळेचीच: संपर्कसत्रे रविवारी आणि पालकांची भेटही रविवारीच. (सर परीक्षेला बसणार, याचे मुलांना मात्र भारी कौतुक!) शाळेच्या पहिल्याच सत्रात मुले वसतिगृह का सोडतात, हा माझा संशोधनविषय आहे, परंतु त्यांना सांभाळणाऱ्यालाच ती खरे सांगतील का, ही मार्गदर्शकांची शंका रास्त असल्याने मुलाखती दुसऱ्या शाळेत घेणार आहे.