तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांचं तसं झालं, तरी मी वाइन टेस्टिंगला कशी जाते?

हा प्रश्न मला मावशीनं विचारलाय, वहिनीनं विचारलाय, ठाण्याच्या काकांनी भर लग्नात जेवताना विचारलाय, आणि दादा तर दर गणपतीत विचारतो. शब्द वेगळे, प्रश्न तोच. घरात एवढं सगळं बघून, दारूनं बाबांचं लिव्हर कसं गेलं ते बघून, तू पैसे भरून त्या वाइन टेस्टिंगला जातेसच कशी? दर वेळी मी "अगं, खाण्यासाठी जाते" म्हणून विषय बदलते. आता एकदाच सगळं लिहून टाकते. बाबांचं तुम्हाला माहितीये, गिरगावातल्या त्या दोन खोल्या माहितीयेत, ते परत सांगत बसत नाही.

पहिलं म्हणजे, वाइन म्हणजे दारू नव्हे असं मी कधीही म्हटलेलं नाही. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा आपल्या घरच्या ग्रुपवर जे भांडण पेटलं त्यात हे वाक्य कुणीतरी माझ्या नावावर खपवलं. माझं नाही ते. मी स्वतः हिशोब केलाय. टेस्टिंगला सहा वाइन असतात, प्रत्येकी साधारण ५० मिली, म्हणजे ३०० मिली, सरासरी १३% धरली तर ३९ मिली शुद्ध अल्कोहोल. बाबांची रमची क्वार्टर १८० मिलीची, ४२.८%, म्हणजे ७७ मिली. म्हणजे सगळे ग्लास संपवले तर बाबांच्या एका क्वार्टरच्या निम्मी दारू माझ्या पोटात जाते. उंच दांड्याच्या ग्लासातून गेली म्हणून ती कमी होत नाही. आणि हार्टला चांगली असते वगैरे मला सांगायची गरज नाही, जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की दारूचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही. हे सगळं माहिती असून मी जाते.

पहिल्यांदा गेले ती खरंच खाण्यासाठी. ऑफिसातल्या मैत्रिणीचा नवरा ऐनवेळी येणार नव्हता, तिच्याकडे एक जागा रिकामी होती, आणि ती म्हणाली स्पॅनिश जेवण आहे, तू नुसती जेव, ग्लासाला हात लावू नकोस. काळाघोड्याला एका रेस्टॉरंटच्या वरच्या मजल्यावर लांबलचक टेबल, पंधरा-वीस माणसं, कुणी चपला काढून मांडी घालून बसलेलं, कुठेही भाषण नाही, पडद्यावर नकाशे नाहीत. मला वाटलं होतं सगळे नाकानं बोलणारे असतील. तसे एक-दोन असतातच. पण वाइन ओतायला जो मुलगा होता तो निफाडचा निघाला, घरची द्राक्षाची बाग, मी मराठीत बोलले तसा तोही मराठीतच सुरू झाला. म्हणाला, ताई, आधी खा, मग घोट घ्या, मग परत खा, रिकाम्या तोंडी काही कळणार नाही.

आधी खा. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. आमच्या घरी दारू आणि जेवण या दोन गोष्टी एका वेळी कधी नांदल्याच नाहीत. बाबा मोरीपाशी उभं राहून, आमच्याकडे पाठ करून, स्टीलच्या पेल्यातून एका दमात घ्यायचे, वर पाणी, आणि मग येऊन कॉटवर बसायचे. चकणासुद्धा नाही. आई ताट वाढून त्यावर दुसरं ताट झाकून ठेवायची आणि दहा वाजता ते तसंच्या तसं उचलायची, रोज. शेवटी शेवटी तर त्यांना भाताचा वासही सोसायचा नाही.

आणि इथे खाणं आधी येत होतं. पावाच्या भाजलेल्या तुकड्यावर लसूण घासायची, मग पिकलेला टोमॅटो घासायचा, ऑलिव्ह तेल, मीठ, बास. मग तोर्तिया, म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, बटाटा तेलात मंद आचेवर मऊ करून मग अंड्यात घालतात, आणि त्यात कांदा घालायचा की नाही यावरून स्पेनमध्ये अजून वाद चालतात. लसणीच्या तेलात कोळंबी. मेंढीच्या दुधाचं मानचेगो चीज. तळलेल्या बटाट्यावर तिखट लाल सॉस. कोळंबीबरोबर त्या मुलानं फिनो नावाची वाइन दिली, दक्षिण स्पेनमधल्या हेरेसची, आणि सांगितलं की पिंपात या वाइनवर यीस्टचा थर धरतो, दुधावर साय धरावी तसा, त्यामुळे तिला हवा लागत नाही आणि ती वर्षानुवर्षं फिकीच राहते. मी कोळंबी खाल्ली, घोट घेतला. एकदम कोरडी, खारट वाटली, आणि तोंडातली लसूण स्वच्छ होऊन पुढची कोळंबी परत नव्यानं लागली. मला आवडलं. हे मी आजवर तुमच्यापैकी कुणाला सांगितलेलं नाही, की मला पहिल्याच दिवशी आवडलं.

आता जे सांगायचंय ते पुढचं आहे. शेवटाकडे ओलोरोसो आली. तीही हेरेसचीच, पण हिच्यात द्राक्षाची स्पिरिट जास्त घालतात, १७ टक्क्यांच्या वर नेतात, तिथे तो यीस्टचा थर जगतच नाही, मग पिंपात वर्षानुवर्षं हवा लागून ती तपकिरी होते. मुलगा अक्रोडाच्या वासाबद्दल काहीतरी सांगत होता. मी ग्लास नाकापाशी नेला आणि मला अक्रोड वगैरे काही आलं नाही. रंग पाणी घातलेल्या रमचा आणि वास बाबांच्या शर्टाचा. मी उठून जिन्यात जाऊन उभी राहिले.

मी दहावीत होते. महिनाअखेर होती, आईनं पैसे लपवलेले होते, बाबांकडे एक क्वार्टर उरली होती आणि ती कोळशाच्या पोत्यामागे होती हे मला माहीत होतं. शनिवारी संध्याकाळी ते खाली गेलेले असताना मी ती मोरीत ओतली आणि वर बादलीभर पाणी टाकलं. मला वाटलं मारतील, मी तयारीत होते, दादाला बाहेर पाठवलं होतं. त्यांनी मारलं नाही. आले, पोत्यामागे बघितलं, मोरीत बघितलं, आणि मोरीच्या कठड्यावर बसून ओल्या फरशीवर हात फिरवून तो हात नाकाला लावला. माझ्यासमोर. मला काही बोललेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून त्यांचे हात थरथरायला लागले, रात्री घामानं गादी भिजली, भिंतीवरून मुंग्या चालल्यात म्हणून ओरडायला लागले. मुंग्या नव्हत्या. शेजारच्या काकांनी डॉक्टरांना उठवून आणलं. डॉक्टर म्हणाले रोजची दारू अशी एकदम तोडायची नसते, फिट येऊन माणूस जाऊ शकतो, सकाळी हॉस्पिटलात हलवा, तोवर थोडी थोडी द्या. काका निघाले होते आणायला, आई म्हणाली मी जाते. डोक्यावरून पदर घेऊन, दारूचं तोंड न बघितलेली माझी आई रात्री साडेदहाला कुठल्यातरी मागच्या दारानं ती बाटली घेऊन आली आणि तिनं बाबांना मांडीवर घेऊन चमच्यानं रम पाजली. ज्या चमच्यानं आम्हाला लहानपणी बाळकडू दिलं असेल त्याच चमच्यानं. तासाभरानं हात थांबले. मला म्हणाली, तू झोप आता, उद्या क्लास आहे.

पुढे ती पुण्याला जाऊन मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची चौकशी करूनही आली, बाबा गेले नाहीत. १९९३ ला ते गेले, पोटात पाणी होऊन.

मी ओतली ते चुकलं असं मला आजही वाटत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला कोण सांगणार होतं की दारू थांबवल्यानंही माणूस मरू शकतो, आणि मोठ्यांपैकी कुणीच काही करत नव्हतं, तुमच्यापैकीही कुणी नाही, हे मला आज लिहून ठेवायचंय. बाबांच्या दारूच्या परवान्यावर कारण म्हणून आरोग्य लिहिलेलं होतं आणि तो परवाना आईनं ट्रंकेत रेशनकार्डाबरोबर जपून ठेवला होता. त्या घरात प्रत्येक थेंबावर सगळ्यांचं लक्ष असायचं. किती आणली, किती उरली, कुठे ठेवली, किती वाजले. आम्ही दोघं अभ्यासापेक्षा त्या बाटलीचाच जास्त हिशोब ठेवायचो.

तर त्या जिन्यातून मी परत वर गेले, कारण पर्स वर होती. माझ्या शेजारी साठीचे एक गृहस्थ होते, त्यांचं कुणाशी तरी कांगा लीगमधल्या पावसातल्या मॅचबद्दल चाललेलं, आणि बोलता बोलता त्यांनी आपल्या ग्लासातली उरलेली रिओहा, तीही स्पेनचीच वाइन, अर्ध्याहून जास्त, टेबलावरच्या भांड्यात ओतून टाकली. ते भांडं त्यासाठीच असतं. ओताना बघितलंसुद्धा नाही. वाक्य तोडलं नाही. कुणी मान वळवली नाही. आयातीवर १५०% ड्युटी भरून आलेली चांगली वाइन, आणि तिचा कुणालाच ताप नव्हता. मी त्या भांड्याकडे किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. मग मी माझी ओलोरोसो उचलली आणि ओतली. मला रडू आलं नाही की काही नाही. मुलगा येऊन म्हणाला, नाही आवडली का ताई, चालतं, आणि चीजची बशी पुढे सरकवली.

मी का जाते याचं माझ्यापाशी असलेलं सगळ्यात खरं उत्तर हे आहे. मला ते ओतणं बघायचं असतं. अर्धा ग्लास ठेवून माणसं उठतात, घरी जातात, वाटेत टॅक्सीवाल्याशी भाड्यावरून घासाघीस करतात, हे मला पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं. दारू असताना घर शांत असू शकतं हे मी चाळिशीनंतर पाहिलं.

दादा म्हणतो हे सगळं सांगायला छान आहे. दादानं आयुष्यात थेंब घेतला नाही, नाताळात ऑफिसात केक वाटतात तर रम आहे का विचारून बाजूला ठेवतो, आणि त्याचा मला आदर आहे. तो म्हणतो हे रक्तात असतं. बरोबर म्हणतो. जुळ्यांवर झालेल्या अभ्यासांतून या व्यसनाचा साधारण निम्मा धोका आनुवंशिक दिसतो, मीही वाचलंय. एकदा तो म्हणाला, तुझा पाय घसरला तर आईनं या वयात परत चमचा घ्यायचा का? त्यानंतर आम्ही बरेच दिवस बोललो नाही.

माझे नियम आहेत. घरात बाटली नाही, एकटीनं नाही, उपाशी नाही. पण आता लिहायलाच बसले आहे तर हेही लिहिते, ऑफिसात फार वाईट गेलेल्या एका आठवड्यानंतर मी टेस्टिंगला सहाच्या सहा ग्लास संपवले, भांड्याकडे हातच गेला नाही, आणि मला हलकं वाटलं, खूप छान वाटलं. दुसऱ्या दिवशी डोकंही दुखलं नाही, कुणाला कळलंही नाही. बाबांनाही पहिल्यांदा असंच छान वाटलं असणार, दुसरं काय. मी काही महिने गेले नाही. मग परत गेले. ती पंधरा वर्षांची मुलगी मला हे कधीच माफ करणार नाही. तिचं म्हणणं सरळ आहे, दारू म्हणजे दारू, ओतायचीच आहे तर ओठाला कशाला लावतेस. मी तिला सांगते की नुसती मोरीत ओतून बाबा सुटले नव्हते, तूच तर ओतली होतीस, काय झालं बघितलंस ना. ती गप्प बसत नाही. ती म्हणते, मग तू काय सुटलीस? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आईनं मला एकदाही हा प्रश्न विचारलेला नाही. तिनं विचारलं ते एवढंच, की तिथे जेवायला काय देतात. मी तिला ती तोर्तिया करून खायला घातली, तिनं अख्खा तुकडा खाल्ला आणि म्हणाली मिरची हवी, आणि कांदा अजून घाल. तिच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही आणि तिच्या वतीनं तुम्हीही बोलू नका.

आता भाच्याचं. परवा तो मला म्हणाला, आत्या, पुढच्या वेळी मला घेऊन चल ना. २६ वर्षांचा आहे, मित्रांबरोबर बिअर घेतो हे मला माहितीये, दादाला नाही. मी त्याला मोरीची गोष्ट सांगितली, रात्रीची चमच्याचीही. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, त्याच्यासाठी आजोबा "आजारपणात गेले" एवढंच होतं. सगळं ऐकून बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, तरी मला यायचंय. मी त्याला हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. दादा, तुला हे इथेच कळतंय. चिडायचं तर माझ्यावर चीड, त्याला काही बोलू नकोस, आणि फोन कर. नऊनंतर कर, तोवर मी घरी आलेली असते.